अक्षय तृतीयेची हळद

परभणीकडचे पेडगाव मागे टाकून पूर्वेकडे निघाले की कापसाची राने विरळ होत जातात आणि हळदीची राने लागतात. त्या पट्ट्यात एक लहान गाव आहे, आणि गावाच्या गायरानावर पत्र्याचे एक लांबट छप्पर आहे. धनगर आळीतल्या बायकांनी ते आपल्या श्रमाने उभे केले. मेंढरांच्या लेंड्या तिथे वाळवल्या जातात, चाळल्या जातात, पोत्यांत भरल्या जातात आणि थेट चुडाव्यापर्यंतच्या शेतांत पोहोचतात. ज्या वस्तूकडे पाहून भली माणसे नाकाला उपरणे लावीत, त्या वस्तूच्या पुण्याईने आळीतल्या चुली निर्वेध पेटू लागल्या. भूमीला जे प्रिय आहे त्याला अमंगळ म्हणण्याचा अधिकार मनुष्याला कोणी दिला, असे भिवराबाई विचारीत असे, आणि तिला उत्तर देणारा गावात कोणी नव्हता.

भिवराबाई ही त्या गटाची प्रमुख. साठीकडे झुकलेली, उंच, शिडशिडीत, कपाळावर भंडाऱ्याचा पिवळा टिळा, आणि बोलणे मोजके. पोत्यांचा व्यवहार गटाने पुढे वाढवला खरा, परंतु त्याचे मूळ होते मेंढ्या बसवण्याच्या जुन्या रीतीत. उन्हाळ्यात शेत मोकळे झाले की मालक धनगराला बोलावतो. कळप रात्रभर त्या शेतात बसतो, आपले सारे दान जमिनीला देतो आणि सकाळी पुढे जातो. त्याबद्दल मालकाने धान्य द्यावे, शिधा द्यावा, हा नेम. पूर्वी ज्याचा आवाज मोठा, त्याच्या शेतात कळप आधी जाई, आणि लहान शेतकऱ्याच्या वाट्याला पावसाच्या तोंडावरची एखादी रात्र येई, कधी तीही येत नसे. भिवराबाईने हे मोडले. तिने आळीतले सगळे कळप एकत्र केले, गटाच्या बैठकीत पाळी ठरवण्याचा प्रघात घातला, आणि दोन बिघ्यांच्या धन्याला व वीस एकरांच्या धन्याला एकाच पारावर बसवले.

गाव हे सारे पाहून तिचे कौतुक करी. मात्र हा उद्योग उभारताना तिच्या पोटात कोणता विस्तव होता, हे दोनच माणसांना ठाऊक होते. एक ती स्वतः आणि दुसरा तिचा नवरा रायभान.

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. गावातले मोठे जमीनदार व्यंकटराव यांच्या उन्हाळी ज्वारीची एका रात्रीत नासधूस झाली. रायभानचा कळप त्या रात्री दुसऱ्याच शिवारात होता, परंतु व्यंकटरावांनी सकाळी माणसे पाठवून कळप वळवला आणि कोंडवाड्यात घातला. कोंडवाड्याची किल्ली त्या काळी त्यांच्याच हाती असे. चैत्राचे ऊन पेटलेले होते. भिवराबाई पारावर आली, तळहातावर भंडारा घेतला आणि खंडोबाची आण घेऊन सांगितले की माझी मेंढरे त्या रानात गेली नाहीत. देवाची आण घेतलेल्या शब्दापुढे आपल्याकडे राजाही क्षणभर थांबत असे. व्यंकटराव थांबले नाहीत. ते हसले, आणि पाराला ऐकू जाईल असे म्हणाले, "मेंढरामागं हिंडणाऱ्या बाईची जबान ती. तिच्या भरवशावर मी माझ्या कुत्र्यालासुद्धा भाकर टाकणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात कोंडवाडा उघडला, तेव्हा पाण्यावाचून निम्मा कळप आडवा झालेला होता. गाभण मेंढ्या आधी गेल्या होत्या. रायभानने त्या दिवशी हातातली काठी कोंडवाड्याच्या भिंतीला टेकवली, ती पुन्हा उचलली नाही. तो धडधाकट होता, खात-पीत होता, परंतु मेंढरांकडे पाहत नसे आणि मनुष्यांशी बोलत नसे. भिवराबाईने उरलेल्या मेंढरांवरून संसार पुन्हा उभा केला, आळी उभी केली, गट उभा केला. या सगळ्या काळात तिने व्यंकटरावांना एकही शिवी दिली नाही. मेलेल्या मेंढरांचे दुःख तिने गिळले. शब्द लाथाडला गेल्याचे दुःख मात्र गिळले जात नव्हते. ज्या जिभेला त्यांनी कवडीमोल ठरवले, त्याच जिभेने त्यांना एक दिवस लोळवायचे, एवढीच तिची मनीषा होती. लबाडी करून ते साधायचे नाही, हेही तिने स्वतःला बजावले होते. कारण खोटे बोलून सूड घेतला, तर व्यंकटरावांचेच म्हणणे खरे ठरले असते.

अशा मनुष्याला काळ संधी देतो. ती कोणत्या वाटेने येईल, एवढेच आधी कळत नाही.

व्यंकटरावांची सून राजेश्री ही गुणी मुलगी होती. तिने माहेराहून येताना दुसरे काही आणले नसले, तरी हात आणि डोके आणले होते. शेतकरी घरांतल्या बायका जमवून तिने पडवीत हळद दळण्याचे यंत्र बसवले, आणि तिची हळदपूड परभणीच्या बाजाराबाहेरही जाऊ लागली. गिऱ्हाइके रासायनिक खत न घातलेली हळद मागू लागली. सुनेच्या पुडीचे नाव होते आहे हे पाहून सासऱ्यांना हुरूप आला, आणि नदीकाठचे आपले सगळ्यांत काळेभोर रान त्यांनी त्या वर्षी हळदीला काढायचे ठरवले. खत लेंडीचेच हवे होते. व्यंकटराव स्वतः धनगर आळीत येणे शक्य नव्हते. त्यांनी सुनेला पाठवले. राजेश्रीने येऊन पाळी मागितली. तिला भिवराबाई आवडत असे, आणि भिवराबाईलाही ती आवडत असे. पाळी बैठकीत ठरेल, एवढेच भिवराबाईने तिला सांगितले.

चैत्र सरता सरता कळप येलदरीहून परतला. धरणाचे पाणी उन्हाळ्यात मागे सरते आणि उघड्या काठावर गवत फुटते, म्हणून आळीचे पुरुष दर वर्षी मेंढरे तिकडे नेतात. त्या वर्षी गवत लवकर करपले. काठावर वेडी बाभूळ माजलेली होती आणि तिच्या पिवळ्या शेंगांचा सडा पडला होता. मेंढरांनी त्या गोड शेंगांवर पोट भरले. ही बाभूळ नावाप्रमाणेच वेडी आहे. तिचे बी खड्यासारखे कठीण. ते मेंढराच्या पोटात विरत नाही, लेंडीतून जसेच्या तसे बाहेर पडते, आणि पोटातल्या उबेने कवच मऊ झाल्यामुळे अधिकच हावरेपणाने रुजते. म्हणूनच धनगरांत रीत आहे की असा चारा खाऊन आलेला कळप बागायतीत लगेच बसवायचा नाही. आधी तो हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या मोकळ्या रानात काही दिवस चरवायचा. याला ते पोट निवळू देणे म्हणतात. गावातल्या प्रत्येक जाणत्याला ही रीत माहीत होती. व्यंकटरावांनाही होती.

कळप गावाच्या शिवेत शिरला, तेव्हा भिवराबाई सामोरी गेली होती. चालता चालता तिने वाकून एक लेंडी उचलली आणि दोन बोटांत चिरडली. आत तपकिरी, चकचकीत बिया होत्या. तिने दुसरी चिरडली, तिसरी चिरडली. मग ती जागीच थांबली. मेंढरे तिच्या दोन्ही अंगांनी पुढे वाहत गेली. अक्षय तृतीया अगदी तोंडावर आली आहे, आणि व्यंकटरावांच्या घराण्यात कोणतीही नवी लागवड त्या मुहूर्तावाचून होत नाही, हे तिला आठवले. तिने बोटे पदराला पुसली आणि त्याच दुपारी पारावर बैठक बोलावली.

बैठकीला हळद लावणारे सगळे शेतकरी आले, गटाच्या बायका आल्या. राजेश्री बायकांच्या बाजूला कडेला बसली. व्यंकटराव पाराच्या कट्ट्यावर, मारुतीच्या उजव्या हाताला, आपल्या नेहमीच्या जागी बसले. भिवराबाई उभी राहिली आणि पहिली पाळी व्यंकटरावांची असे तिने जाहीर केले. कुजबूज उठली. अल्पभूधारकांत गोपाळ म्हणून एक तरुण होता. त्याची दीड एकर हळद, आणि पहिली पाळी आपली यावी अशी त्याची आशा. त्याचा चेहरा उतरला. गटातली सरजाबाई, जिच्या जिभेला सारे गाव भीत असे, भिवराबाईकडे टकमक पाहत राहिली. व्यंकटरावांना मात्र यात नवल वाटले नाही. पाणी उताराला जाते आणि मान मोठ्या घराला, असे मानणारे ते गृहस्थ होते.

कुजबूज शमल्यावर भिवराबाई पुन्हा बोलली. सावकाश, एकेक शब्द वेगळा ठेवून.

"आता सगळ्यांनी नीट ऐका. मेंढरं येलदरीच्या काठाहून आलीत. वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलीत. मी चार दिवस त्यायला हरभऱ्याच्या रानात फिरवते, पोट निवळलं की व्यंकटरावांच्या रानात बसवते. आज बसवली तर हळदीसंगं बाभूळ उगवल. मी सांगितलं न्हाई, असं मागून म्हणू नका."

व्यंकटरावांनी मनातल्या मनात दिवस मोजले. चार दिवस थांबायचे म्हणजे तृतीया निघून जाणार. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आले.

"पाळी पहिली देती अन् मुहूर्त चुकवती," ते पाराकडे वळून म्हणाले. "बघा हुशारी. येलदरीच्या काठाला उन्हाळ्यात गवत अस्तंय की शेंगा, ते मला ठावूक न्हाई का? माझी हळद तृतीयेला लागू नये, एवढ्यासाठी ह्ये पोट निवळायचं काढलंय."

सरजाबाईने भिवराबाईच्या कानाशी तोंड नेले. छपरापाशी मेंढरे बसली आहेत, मूठभर लेंड्या आणते आणि यांच्या नाकासमोर फोडून दाखवते, असे पुटपुटत ती अर्धी उठली. भिवराबाईने तिचे मनगट धरले आणि तिला खाली बसवले. हे पुरुषांच्या बाजूने कोणाला दिसले नाही. राजेश्रीला दिसले, बोलणे तेवढे ऐकू गेले नाही.

मग भिवराबाईने विचारले, "भंडारा उचलून सांगू का, मालक?"

हे वाक्य तिने कित्येक वर्षे जपून ठेवले होते की त्या क्षणी तिला सुचले, ते तिचे तिलाच ठाऊक. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. व्यंकटरावांचा चेहरा तांबडा झाला.

"तुझा भंडारा मी एकदा बघितलाय, भिवरे. आज दिवस मावळायच्या आत कळप माझ्या रानात पायजे. न्हाईतर गायरानावर छप्पर कुणाला इचारून टाकलं, ते मी तालुक्याला जाऊन इचारतो."

"मालकाची मर्जी," ती म्हणाली. आणि तिने गोपाळकडे वळून त्याला विचारले, मी काय सांगितले ते ऐकलेस का. गोपाळ म्हणाला, "ऐकलं, माय. माझी पाळी पोट निवळल्यावरच धरा." तिने आणखी दोघा-तिघांना नावाने विचारले. सर्वांनी ऐकले होते. मग ती उठली.

दिवस कलताना कळप व्यंकटरावांच्या रानात शिरला. त्यांनी बांधावर नारळ वाढवला, म्होरक्या मेंढ्याच्या कपाळी कुंकू लावले, शिधा सढळ हाताने दिला. रीतीत काही कमी ठेवले नाही. भिवराबाईने शिधा पदरात घेतला, भूमीला हात लावून कपाळाला लावला आणि घरी आली. रायभान अंगणात बाजेवर बसला होता. त्याने आपण होऊन तोंड उघडले, हीच एक घटना होती.

"पोट निवळलं व्हतं का?"

"न्हाई."

"त्यायला सांगितलंस?"

"सगळ्या पारादेखत सांगितलं."

रायभानने तिच्याकडे पाहिले. मग तो हसला. आवाज न करता, खांदे हलवीत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. कोंडवाड्याच्या दिवसानंतर ते हसू त्या घरात आले नव्हते. भिवराबाईने भाकरी थापायला घेतली आणि तिला फार दिवसांनी कडकडून भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्री छपरापाशी आली. कालचे बोलणे खरे होते का, असे तिने विचारले. पारावर बोलले ते खरेच बोलले, असे उत्तर मिळाले. मामंजी माझे ऐकत नाहीत, ती म्हणाली, तुमचेही ऐकत नाहीत. मग त्यांना पटवावे कसे? भिवराबाई चाळणीवरून मान वर न करता म्हणाली, "ज्येला ऐकायचं न्हाई, त्येला किती सांगावं?" येलदरीहून आलेल्या कळपाच्या लेंड्यांचा ढीग त्या दोघींच्यामध्ये पडला होता. हात लांबवला असता तर एक उचलून पोरीच्या तळहातावर ठेवता आली असती. भिवराबाईने हात लांबवला नाही. राजेश्री थोडा वेळ घुटमळली आणि गेली.

कळप दुसऱ्याही रात्री तिथेच बसला. तृतीयेच्या मुहूर्तावर व्यंकटरावांची हळद लागली. ब्राह्मण बोलावला होता, सवाष्णी जेवल्या. गोपाळची आणि इतरांची लागवड मागून, निवळलेल्या कळपानंतर झाली. त्या लागवडीला कोणता मुहूर्त होता हे कोणी पाहिले नाही.

पावसाळा लागला आणि सरींवर हळदीचे कोंब आले. कोंबांच्या मधून, वरून, खालून, चिंचेच्या पानासारखी बारीक पाने असलेली रोपे उठली. प्रथम कोणाला काही वाटले नाही. बायकांनी खुरपून काढली. खुरप्याने वरचा शेंडा तुटला, मुळी तशीच राहिली, आणि आठवड्यात एकाच्या जागी दोन फुटवे आले. या फुटव्यांना काटे होते. कुदळीने मुळी खणावी, तर शेजारचा हळदीचा कंद उखडे. कंद राखावा, तर बाभूळ राहे. तणनाशक मारावे, तर सुनेच्या पुडीचे नाव जाई. मजूर बायका दोन दिवस आल्या, रक्ताळलेली बोटे घेऊन गेल्या आणि तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. शेजारच्या शिवारातून बायका बोलावल्या, त्यांनी बांधावरूनच रान पाहिले आणि माघारी फिरल्या. नदीकाठचे ते काळे रान लांबून हिरवेगार दिसे. जवळ गेले की हळद कोणती आणि बाभूळ कोणती, हे धन्यालाही वाकून पाहावे लागे.

भिवराबाईने कळपाची जाण्यायेण्याची वाट त्या रानाच्या बांधावरून धरली. दुसरी वाट जवळची होती. ती रोज सकाळी मेंढरांबरोबर तिथून जाई, पाऊल न थांबवता एकदा उजवीकडे पाही आणि पुढे जाई.

आषाढात व्यंकटरावांनी पारावर गाव गोळा केले. गटाने वैर धरून माझ्या रानात काटा पेरला, असे त्यांचे म्हणणे होते. गटाने नुकसान भरून द्यावे, गायरानावरचे छप्पर उतरवावे, आणि यापुढे गावात कोणी यांची लेंडी घेऊ नये. ते बोलत होते तोवर धनगर आळीतल्या बायका एकमेकींना खेटून बसल्या होत्या. छप्पर गेले तर काय उरते, हे त्यांना ठाऊक होते. भिवराबाई एकटी अलीकडे बसली होती. तिला उत्तर द्यावे लागलेच नाही.

गोपाळ उठला. त्या दिवशी तिने काय सांगितले होते, ते त्याने शब्दाला शब्द सांगितले. त्याच्या मागून दुसरा उठला, तिसरा उठला. ज्यांनी पूर्वी कोंडवाड्याच्या वेळी माना खाली घातल्या होत्या, त्या म्हाताऱ्यांपैकीही एकजण काठी टेकत उभा राहिला आणि म्हणाला, बाईने चार दिवस मागितले होते, व्यंकटराव, तुम्ही दिले नाहीत. पाराने व्यंकटरावांना विचारले की तिने सांगितले होते की नाही.

मग ते म्हणाले, "सांगितलं व्हतं."

"मोठ्यानं बोला," सरजाबाई मागून म्हणाली. "मेंढरामागं हिंडून आमचे कान बसलेत."

ते मोठ्याने बोलले. तिने सांगितले होते. खरे सांगितले होते. मी ऐकले नाही. छपराचा विषय तिथेच मिटला. लोक उठू लागले. व्यंकटराव मात्र घराकडे वळले नाहीत. ते कट्ट्यावरून उतरले आणि चार पावले चालून भिवराबाईसमोर आले. त्यांच्या दोन्ही तळहातांवर काट्यांचे ओरखडे होते.

"भिवराबाई," ते म्हणाले. तिच्या नावापुढे त्यांनी आयुष्यात प्रथमच बाई लावले. "मजूर रानात पाय टाकंना. तुमच्या बायायला काट्याची सवय हाय. त्यायला पाठवा. हळद जगली तर राजेश्रीचं यंत्र चालल."

भिवराबाई म्हणाली, "गटाच्या बायायला इचारते. पण आधी कोंडवाड्याचं बोला. त्या रातीला तुमच्या ज्वारीत कोण शिरलं व्हतं?"

उठलेले लोक पुन्हा बसले. व्यंकटरावांनी आजूबाजूला पाहिले. त्यांच्या नजरेला नजर देणारे कोणी नव्हते. तिकडे नदीकाठी त्यांचे रान प्रत्येक दिवसागणिक अधिक काटेरी होत होते, आणि ते वाचवणारे हात केवळ समोर बसलेल्या बायकांचे होते. त्यांनी सांगितले की रानडुकरे होती. खुरांचे ठसे त्यांनी त्याच सकाळी पाहिले होते. पण कळप वळवायला माणसे आधीच गेली होती, आणि दिलेला हुकूम मागे घेतला तर गावात हसे होईल, असे त्यांना वाटले होते.

"म्हंजी आण घेतली तवा ती खरी हाय, ह्ये तुमाला ठावूक व्हतं."

"व्हतं."

भिवराबाईने डोळे मिटले. तिचे ओठ हलले. तिने मेलेल्या मेंढ्यांची नावे घेतली असे आळीतल्या बायका सांगतात; मेंढरांना नावे असतात हे गावकऱ्यांना ठाऊक नसते. मग तिने डोळे उघडले आणि मागे वळून बायकांना विचारले, "ह्येंच्या रानात काटा काढाय कोण जातंय?"

एकही हात वर झाला नाही. सरजाबाईने तर आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. भिवराबाई प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहत गेली, शेवटपर्यंत, घाई न करता. नंतर ती व्यंकटरावांकडे वळली.

"इचारलं," ती म्हणाली, आणि घरी निघून गेली.

त्या दिवशी तिने स्वतः जाऊन रायभानला सारे सांगितले. त्याने पुन्हा एकदा सांगायला लावले. दुसऱ्या सकाळी तो बाजेवरून उठून कळपाबरोबर शिवेपर्यंत चालत गेला. भिवराबाईला वाटले की आता यज्ञाची पूर्णाहुती झाली. परंतु आहुतीत समिधांबरोबर काय काय जळले, ते यजमानाला राख निवल्यावरच दिसते.

श्रावण उतरला, हळदीच्या भरणीचे दिवस आले. भरणी म्हणजे वाढत्या हळदीच्या बुडाशी खत घालून माती चढवणे. त्या वेळी लेंडीच्या पोत्यांना मोठी मागणी असते. एके दुपारी गोपाळची बैलगाडी छपरापाशी थांबली आणि गाडीतून राजेश्री उतरली. सासऱ्यांची हळद हातची गेली होती. तिने गोपाळशी आणि तशाच लहान शेतकऱ्यांशी बोलून त्यांची सगळी हळद आपल्या यंत्रासाठी धरली होती, आणि यंत्रही सासऱ्यांच्या पडवीतून हलवून शाळेमागच्या खोलीत नेले होते. सासऱ्यांनी अडवले नाही. त्यांचा आवाजच बसला होता. आता त्या शेतांच्या भरणीला पोती न्यायला ती आली होती. तिच्या बोटांची टोके काळवंडलेली होती. आषाढभर ती त्या रानात एकटी बसून काटे उपटत होती, हे भिवराबाईने बांधावरून रोज पाहिले होते.

राजेश्रीने पोती मागितली नाहीत. तिने आधी विचारले, "मावशी, त्या दिवशी पारावर सरजाबाई उठली तेव्हा तुमी तिचं मनगट धरलं. ती कुठं निघाली व्हती?"

सरजाबाई चाळणीपाशी होती. तिने हात थांबवला. भिवराबाईला खोटे बोलता आले असते. ते तिने कधी केले नव्हते.

"लेंड्या आणाय. फोडून बिया दाखवाय."

"अन् दुसऱ्या दिवशी मी इथं आले, तेव्हा ढीग इथंच व्हता."

"व्हता."

"मला एक फोडून दाखवली असती, तर मी मामंजींच्या पायावर डोकं ठेवलं असतं, पण तो कळप बसू दिला नसता."

"म्हणून तर न्हाई दाखवली, पोरी," भिवराबाई म्हणाली. आवाजात ना संकोच होता, ना मार्दव. "तुझ्या बोटांचं मला वाईट वाटतं. त्येंच्या रानाचं न्हाई वाटत. पुन्यांदा तशी वेळ आली, तर पुन्यांदा न्हाई दाखवणार."

राजेश्रीने हे ऐकून घेतले. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, आणि म्हणूनच सरजाबाईला भीती वाटली.

"खत मी गटाकडूनच घेणार," राजेश्री म्हणाली. "माझ्या बायांची हळद तुमच्या बायांच्या खतावर पिकावी, ह्ये मला पटलंय. पण तुमच्या शब्दावर घेणार न्हाई. पोतं शिवायच्या आधी मी माझ्या हातानं फोडून बघीन. यंदा, पुढच्या साली, दर साली."

छपराखालच्या बायका चिडल्या. ज्या शब्दासाठी साऱ्या गावाने नुकतीच मान लववली, त्या शब्दावर कालची पोर अविश्वास दाखवते, हे त्यांना सहन होईना. एक दोघी बोलायला पुढे सरसावल्या. भिवराबाईने त्यांना हाताने थांबवले. तिने एक टोपली भरून आणली आणि राजेश्रीच्या पुढ्यात ठेवली. बसायला गोणपाट टाकले.

"फोड," ती म्हणाली.

राजेश्री खाली बसली. तिने एक लेंडी उचलली, काळवंडलेल्या बोटांत चिरडली, भुगा तळहातावर पसरून पाहिला, फुंकरून टाकला आणि दुसरी उचलली. भिवराबाई तिच्यासमोर उन्हात उभी राहिली. सावलीला या, असे सरजाबाई तिला म्हणाली; ती हलली नाही. वारा नदीकडून येत होता आणि त्याच्याबरोबर व्यंकटरावांच्या रानातून कुदळीचा आवाज येत होता, एकाच माणसाचा, थांबून थांबून. भिवराबाईने तो कान देऊन ऐकला. टोपली संपत आली, तशी ती वाकली आणि दुसरी भरून पुढे सरकवली.